पणजोबांचा चेहरा

बन्सीधर मास्तरांना कुणाला नाही म्हणता येत नसे. या एका खोडीपायी परभणीच्या शाळेतला हा ड्रॉइंग मास्तर जन्मभर लोकांच्या भिंती सजवत फिरला.

पोखर्णीच्या आबासाहेब देशमुखांना पणजोबांचं तैलचित्र हवं होतं. पणजोबा निजामाच्या घोडदळातले. त्यांचा जरीचा अंगरखा, शेला, पगडी, सगळं पेटीत जपलेलं. चेहरा मात्र कुणीच पाहिलेला नव्हता. घराण्याचं नाक तेच, म्हणून मास्तरांनी आबासाहेबांच्या एकुलत्या एका मुलाला, अनंताला, तो पोशाख चढवून समोर बसवलं. पगडी सारखी डोळ्यांवर यायची आणि अनंता हसायचा. ते हसू थोडंसं चित्रातही उतरलं.

चित्र पुरं झालं त्याच सुमारास निजामाविरुद्ध चळवळ पेटली. एका सकाळी अनंता न सांगता चळवळीत सामील व्हायला संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे निघून गेला. मग त्याची काहीच खबर नाही.

पितृपंधरवडा आला. तिथीला आबासाहेबांनी चित्र भिंतीला लावलं, हार घातला, पुढे पान वाढायला सांगितलं. अनंताची आई कमलबाई खिरीची वाटी घेऊन आल्या त्या उंबऱ्यातच थिजल्या. जित्या लेकाच्या गळ्यात पितरांचा हार! आबासाहेब म्हणाले, चित्र पणजोबांचं आहे, भलतंसलतं मनात आणू नका. पण त्यांनीही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी कमलबाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं आणि तेवढा चेहरा पुसून टाकायला सांगितलं. जवसाच्या तेलातला रंग, अजून पुरता वाळला नव्हता. टर्पेंटाइनची चिंधी गालापाशी गेली मात्र, त्या कळवळल्या.

"थांबा मास्तर. त्याचा दुसरा फोटू न्हाई घरात."

ठेवावं तर हार, पुसावं तर लेक जातो. इकडे आड, तिकडे विहीर. मास्तर बिचारे घामाघूम झाले. शेवटी त्यांनी पांढरा रंग काढला. मिशा पिकवल्या, भुवया पिकवल्या, कपाळावर सुरकुत्या घातल्या, गाल आत ओढले. दुपार कलेपर्यंत अनंता ऐंशीचा म्हातारा झाला. हसू तेवढं त्यांना मोडवेना. आता हार खुपायचा नाही, असं वाटून ते बाजूला सरले.

कमलबाई चित्रापुढे आल्या.

"मास्तर, एवढा म्हातारा व्हईल का हो माझा अनंता?"

मास्तर चिंधीनं ब्रश पुसत राहिले. 'नाही' तर त्यांना कधीच म्हणता येत नसे. त्या दिवशी 'हो' म्हणायलाही जीभ उचलली नाही.