कठड्यामागची मूठ

"पण त्याच्या कमरेचा पट्टा मी धरला होता," विनया म्हणाली.

"आणि हे तू वर तोंड करून सांगतेस?" चंद्रशेखरने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं. "पोरगा तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीच्या कठड्यावर मढ्यासारखा पालथा पडलाय आणि आई मागे दडून बसलीय. माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्यांनी पाहिला हा फोटो."

फोटो लखनऊच्या महानगर मोहल्ल्यातल्या त्यांच्याच घराचा, राजसच्या मित्राने खालच्या गल्लीतून काढलेला. अठरा वर्षांचा राजस हात अंगालगत घेऊन, पाय ताठ, तोंड खाली. त्या उन्हाळ्यात कॉलेजातली मुलं अशी कुठेही पालथी पडत आणि फेसबुकवर फोटो टाकत. प्लँकिंग म्हणे. आधी जेवणाचं टेबल झालं, मग स्कूटर, मग पाण्याची टाकी. जागा जितकी अवघड, तितकी वाहवा. या फोटोत मात्र राजसच्या कमरेपाशी चार बोटं आणि हिरव्या बांगड्या दिसत होत्या. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'मम्मी ने पकड़ रखा है.'

विनयाचं रागावून झालं होतं, अबोला धरून झाला होता, उपाशी राहूनही झालं होतं. चंद्रशेखरने मोबाइल काढून घेतला, तर मित्रांचे होतेच. शेवटी तीच म्हणाली, काय करायचं ते घरच्या गच्चीवर कर, मी धरते. लग्न होऊन साताऱ्याहून ती लखनऊला आली, आणि आता घरात मराठी नवराबायकोपुरतीच उरली होती. मुलाला काही विचारावं, तर उत्तर हिंदीत यायचं, तेही जाता जाता. गच्चीवर मात्र तो हळूच म्हणायचा, "छोड़ना मत, आई." कठड्यामागे उकिडवी बसून, पट्टा मुठीत आवळून ती ते ऐकायची. तो कधी एकदा उतरतो असं व्हायचं, आणि तरी ते ऐकावंसं वाटायचं.

"अब घर पे नहीं," राजस म्हणाला. "सब हँस रहे हैं. इतवार को रेल के पुल पे करेंगे, रेलिंग पे. आई, तुम मत आना."

"पाय मोडून ठेवीन," चंद्रशेखर म्हणाला.

"तोड़ दीजिए, बाबा. ठीक होते ही जाऊँगा."

चंद्रशेखरचा हात उठला आणि तसाच खाली आला. मुलगा त्याच्यापेक्षा उंच झाला होता. "तू सांग ना त्याला काहीतरी," तो बायकोला म्हणाला.

विनयाने तो पूल पाहिलेला होता. खाली गोमती, आणि रेलिंग जेमतेम तळहाताएवढं रुंद. मागे दडायला भिंत नाही. धरायचं, तर सगळ्यांच्या देखत, आणि ते तो करू देणार नाही.

स्वयंपाकघरात जाऊन तिने गॅस बंद केला आणि बाहेर येऊन दोघांसमोर उभी राहिली.

"रविवारी मीही येणार आहे, राजस. धरायला नाही. तू पालथा पडशील तिथेच, तुझ्या पुढे, मीही पडणार. तुझ्या मित्राला सांग, फोटो दोघांचा काढायचा."

"पागल हो क्या, आई? गिर जाओगी."

"पडेन. आणि रेलिंगवर आधी मी चढणार आहे."