आत्याचं जस्ताचं नाणं

काल गोत्री भागातल्या माझ्या घरी, मी मागवलेलं पार्सल उघडलं. आतलं जर्मन कारखान्याचं जुनं जस्ताचं नाणं बोटांनी चोळलं, आणि त्या कडवट धातूच्या वासासरशी मला रावपुऱ्यातली आत्या दिसली.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत सुट्ट्या पैशांचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या कारखान्यांनी स्वतःची नाणी पाडली. आत्याला या नाण्यांचं भारी वेड. कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरी करणाऱ्या बाबांनी एकदा एका जर्मन इंजिनियरला तिच्याकडे जेवायला आणलं. श्रीखंड-पुरीनंतर आत्याने अल्बम उघडला. पानं उलटता उलटता पाहुणा एका नाण्यावरचं गिरणीचं नाव वाचून थांबला. करडं, अष्टकोनी, आत्याने कित्येक वर्षं शोधून मिळवलेलं.

"याच कापडगिरणीत माझी आजी कामाला होती," तो इंग्रजीत हळूच म्हणाला. "गिरणी आता नाही."

आत्याने नाणं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. तो नको नको म्हणू लागला, तशी ती गडबडीत चक्क गुजरातीत बोलली, "राखो ने, भाई!" म्हणजे ठेवा ना, भाऊ. त्याने मूठ मिटली.

तो गेल्यावर मी विचारलं, "आत्या, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. फार वाटलं," ती म्हणाली आणि खळखळून हसली.

तेव्हा मला ती थट्टा वाटली. आता मीही ही नाणी जमवते. ती अगदी खरं बोलत होती हे आता कळतं, आणि तरीही तिने ते दिलं होतं.