ओरत्तनाडूच्या रस्त्यावरचा उडीद

सोलापूर सोडल्यावर तिसऱ्या दिवशी तंजावर ओलांडलं. ट्रकमध्ये शहाबादी फरशी, डोक्यात राग. नव्वदीनंतर जिकडंतिकडं बांधकामं निघाली आणि आम्हा ड्रायव्हरांची झोप गेली. भात निघालेली मोकळी शेतं, कोरडे पाट, नारळाच्या बागा मागं पळत होत्या. बघायला सवड कुणाला?

ओरत्तनाडूच्या अलीकडं रस्ताभर उळुंदु (उडीद) शेंगा-काडासकट पसरलेला. वाहनांकडून मळणी करून घ्यायची, तीही फुकटात! मी ब्रेक मारला. एक म्हातारी दाताळं उगारून आभाळाकडं बोट दाखवत ओरडली, "ओट्टु! ओट्टु!" (चालव, चालव!)

"रस्ता काय तुझ्या बापाचा आहे, म्हातारे?" मी खेकसलो आणि गाडी घातली. शंभर पावलांवर जळका वास आला. काड शाफ्टला गुंडाळलं होतं. गाडीखाली शिरून ते कापताना कोपर सोलून निघालं. विळा म्हातारीनंच दिला, वर हसली. माझं टाळकंच सरकलं.

साइट त्याच गावात, मंगल कार्यालयाची. सुपरवायझर तंजावरचेच मराठी; बोलणं पणजोबांच्या काळचं, हेल तमिळ. फरशी उतरल्यावर त्यांनी केळीच्या पानावर दहीभात वाढला. जेवताना मी म्हातारीचा यथेच्छ उद्धार केला. "या लोकांना खळं नाही का हो?"

"होते की. गावाचे खळे येथेच होते," त्यांनी फरशीच्या थप्पीकडे हात केला. "मालकांनी घेतले. गावाने आता कोठे जावे?"

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी पगारी मनुष्य."

आणि मी भाड्याचा. आता ओरडायचं कुणावर?

परतताना ढग खाली आले होते. म्हातारी एकटीच काड उलटत होती. मी रिकामा ट्रक उडदावरून पुढं नेला, मागं घेतला, पुन्हा पुढं. मागची बस हॉर्न बडवू लागली. "थांब की लेका! आभाळ दिसत नाही?" मी खिडकीतून ओरडलो. पाच फेऱ्या झाल्या. पहिला थेंब पडायच्या आत तिचा उडीद पोत्यात गेला. तिनं आभारबिभार काही मानले नाहीत. रस्ता मोकळा झाल्यावर म्हणाली, "ओट्टु."

सोलापूर आलं तरी राग उतरला नव्हता. इतक्या वर्षांनी त्या कार्यालयात आता पंगती बसत असतील, पानात उडदाचे वडे पडत असतील. खालची फरशी मी नेलेली आहे.