गावदेवीच्या पायऱ्या

स्टीलचा ग्लास माझ्या कानाजवळून गेला आणि दारावर आपटला.

"परत आलीस? मना बाटवायला येऊ नको, सांगितलं ना!"

ग्लास फेकणारे होते तळवलीचे नाना पाटील. तरुणपणी कबड्डीचं मैदान गाजवलेला माणूस. स्ट्रोक झाला आणि डावी बाजू लुळी पडली. मी फिजिओथेरपिस्ट. वाशीच्या एका क्लिनिककडून होम व्हिजिटला जायची. माझ्या आधीचे दोघं त्यांच्या शिव्या खाऊन पळाले होते. माझं नाव रूथ गायकवाड, आणि नाव ऐकल्यापासूनच नानांचा पारा चढला होता.

"नाना, मी तुम्हाला बाटवायला नाही, चालवायला आलेय," मी म्हटलं. "उजवा हात तर मस्त चालतोय. आता डाव्याकडे बघू."

दारात उभी असलेली त्यांची सून सुनंदा तोंड फिरवून हसली. नाना नाही हसले.

संध्याकाळी क्लिनिकच्या सरांचा फोन आला. "रूथ, केस सोड. तू कशाला ऐकून घेतेस?"

"सर, स्ट्रोकनंतर सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू सगळ्यात जास्त शिकतो. आता पुन्हा माणूस बदलला तर ते खाटेवरच राहतील."

हे सरांना शांतपणे सांगितलं खरं, पण घरी सानपाड्याला आल्यावर भांडी आपटली. राग मलाही येतो. आजाऱ्याला हात लावण्याआधी येशूने त्याला 'तू कोणाचा' असं विचारलं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. संडे स्कूलमध्ये ते सोपं वाटायचं. मग रोज घरातून निघताना एवढंच मागायचे: प्रभू, आज माझं तोंड आवर.

आमच्या कामात 'वेट शिफ्ट' म्हणतात, म्हणजे लुळ्या पायावर थोडा थोडा भार टाकायचा. पेशंटला वाटतं, आता पडलोच. नाना दर वेळी अर्ध्यातच खाली बसायचे. एकदा मी विचारलं, "चालायला लागलात की आधी कुठं जाणार?"

त्यांनी लुळ्या पायावर हात ठेवला. मग म्हणाले, "गावदेवीला. जत्रा आली. सगला गाव पायरी चढंल आनि मी खाटेवर."

"मग पायऱ्यांचीच प्रॅक्टिस करू."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तुज्या देवाला चालंल?"

"त्यानेच पाठवलंय मला. उठा."

ते उठले. त्या दिवशी पहिल्यांदा अर्ध्यात बसले नाहीत.

घराच्या ओट्याच्या पायऱ्यांवर सराव सुरू झाला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी, हा आमचा साधा नियम. शिव्या चालूच होत्या, फक्त आता त्या पायऱ्यांना होत्या.

जत्रेच्या सकाळी गावदेवीच्या देवळापाशी ढोल वाजत होता. नानांच्या कमरेला आधाराचा पट्टा बांधलेला, तो माझ्या मुठीत. चपला काढून मीही त्यांच्या मागे चढू लागले. मधल्या पायरीवर त्यांचा डावा गुडघा वाकला.

"सोडू नको गं!"

"सोडत नाही. गुडघा ताठ करा!"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "ही तर ख्रिश्चन. हिला कशाला वर नेता?"

नानांनी मान वळवली आणि मैदानातला आवाज काढला. "माझी पोर हाय ती! बाजूला व्हा!"

गर्दी बाजूला झाली. गुडघा ताठ झाला. शेवटची पायरी ते स्वतःच्या ताकदीने चढले, पट्टा माझ्या हातात सैल झालेला मला कळला. देवीसमोर त्यांनी मान झुकवली. मी मागे उभी राहून माझ्या देवाचे आभार मानले. सुनंदा खाली रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती.

आता नाना काठी घेऊन नाक्यापर्यंत जातात. आणि क्लिनिकमधल्या सगळ्या भांडखोर केसेस माझ्याकडे येतात.

या सगळ्यातून एक कळलं. पेशंटवर प्रेम करायला तो आधी आवडावा लागत नाही. त्याच्या पायापासून सुरुवात केली तरी चालतं.