यंत्राखालची बिडी

बिडीचा वास मला लहानपणापासून सहन होत नाही. लाखनीत हायवेच्या कडेला आमचं घर, बाहेर दिवसभर ट्रकांची घरघर आणि आत माय बिड्या वळत बसलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. तिचा खोकला त्या सुपाबरोबरच सकाळी सुरू व्हायचा. अजूनही कोणी शेजारी बिडी पेटवली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि माझं नशीब बघा, रोजची सकाळ माझी एका माणसाने बिडी पेटवली की नाही हे पाहण्यात जाते.

आधी काम सांगते. आमच्याकडच्या राखीव जंगलात हवा मोजणारी यंत्रं बसवली आहेत. हवेत धुराचे, धुळीचे बारीक कण किती, गाड्यांच्या धुरातले वायू किती, हे ती मिनिटामिनिटाला मोजतात आणि ते आकडे साकोलीत आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात येऊन पडतात. तांदूळ निवडावेत तसे मी ते निवडते. यंत्राजवळ कोणी चूल पेटवली, गाडी उभी केली, तर तो धूर जंगलाचा नाही. अशा नोंदीवर ‘स्थानिक कारण’ असा शेरा मारायचा आणि ती बाजूला काढायची. वर जाणाऱ्या अहवालात फक्त जंगलाची हवा राहिली पाहिजे, माणसाची नको. नियम म्हणून यात चूक काही नाही.

सगळ्यात आतलं यंत्र एका जुन्या निरीक्षण मनोऱ्यावर आहे. त्याची देखभाल एकोडीकडचा एक वनमजूर करतो. वयाने माझ्या बापाएवढा, म्हणून मी त्याला काका म्हणते. रोज सकाळी सायकलने जायचं, लोखंडी शिडी चढायची, सोलर पॅनेल पुसायचं, हवा आत घेणाऱ्या नळीच्या जाळीवरची कोळिष्टकं काढायची आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम. यंत्राला उंच अँटेना आहे, त्यामुळे त्याचे आकडे येतात. काकांच्या बटणांच्या फोनला मात्र तिथे रेंजचा एक दांडाही मिळत नाही.

कामाला लागले तेव्हा त्या यंत्राच्या आलेखात मला रोज सकाळी एक सुई दिसायची. रेघ सरळ चालली आहे आणि मध्येच टोकदार वर जाऊन लगेच खाली. वणव्याचा धूर असा नसतो, तो सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. दोन-चार दिवस डोकं खाजवलं आणि मग काका संध्याकाळी गावात पोचल्यावर फोन लावला.

“काका, मशीनखाली बिडी ओढता का?”

“काहून जी मॅडम, तुमची मशीन चुगली करते का?”

“रोज करते.”

“मंग तिले सांगा, एकच वढतो म्हणून. शिडी चढून दम लागते जी.”

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. तेव्हापासून मी त्या सुईवर रोज शेरा मारायची आणि ती काढून टाकायची.

मग मोहफुलांचा हंगाम आला आणि शेजारच्या गावची एक बाई फुलं वेचायला गेली ती परत आलीच नाही. टोपली सापडली, फुलं तशीच भरलेली. बाकी जे सापडलं ते मी लिहीत नाही. त्या भागात बछड्यांची वाघीण फिरते आहे असं सगळे सांगू लागले. लोकांना आत जायची बंदी झाली. पण यंत्र पुसायला माणूस लागतोच. दोघांनी मिळून जावं असा आदेश निघाला, आणि दुसरा माणूस काही निघाला नाही.

त्याच सुमारास एका सकाळी काकांच्या बायकोचा फोन आला. “मॅडम, हे सांगत होते, तुमाले तिथं बसून याइची बिडी दिसते म्हणून. खरं हाय का जी?”

“खरं आहे मावशी.”

“मंग पाहून सांगा ना, पेटली का?”

मी पाहिलं. सुई आली होती. “पेटली.”

“मेल्याले किती सांगतलं, सोडतच नाही,” मावशी म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी शेरा मारायचंच विसरले.

मग ते रोजचंच झालं. एखाद्या दिवशी उशीर झाला तर आम्ही दोघी फोनवर उगाच धानाच्या, भाजीच्या गोष्टी बोलत राहायचो. माझी नजर मात्र पडद्यावरच असायची. ज्या बिडीपायी माझी माय अजून खोकते तिचीच मी चातकासारखी वाट पाहत होते, याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटायचं.

नागपूरच्या साहेबांनी एकदा सगळे मूळ आकडे मागवले आणि त्यांना त्या सुया दिसल्या. काकांना थेट तंबी गेली: यंत्राजवळ पुन्हा बिडी पेटली तर काम बंद. मी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “आपलं काम हवा मोजायचं आहे, हजेरी घ्यायचं नाही.”

“मग हजेरी कोण घेतं साहेब?”

“ते त्यांचं त्यांचं बघतील.”

दुसऱ्या दिवसापासून रेघ सपाट झाली. मावशीचा फोन यायचा, आणि मी दुसरं काहीतरी शोधत बसायची. पॅनेल पुसलं की बॅटरीचा आकडा थोडा वर सरकतो. पण आभाळ असलं किंवा धुरकट हवा असली की त्याचा काही भरवसा नाही. “पोचले असतील,” मी सांगायची.

“असतील म्हंजे?” मावशी विचारायची. तिच्या त्या प्रश्नाची मला भीती वाटायला लागली.

मग ती सकाळ. जंगलात कुठेतरी पालापाचोळा पेटला होता आणि आलेखात धूर हळूहळू चढत होता. बॅटरीचा आकडा हलत नव्हता. मावशीचा फोन येऊन गेला, पुन्हा आला. आणि त्या चढत्या धुरातून एकदम सुई निघाली.

माझ्या तोंडून पहिली शिवीच आली. काम घालवायचं आहे का या माणसाला! पण जीव भांड्यात पडला. मावशीला म्हटलं, पेटली. आणि बोलेपर्यंत दुसरी सुई आली. मग तिसरी. चौथी त्याहून उंच, म्हणजे दोन-तीन बिड्या एकदम नळीशी धरलेल्या. दम लागला म्हणून असं कोणी ओढत नाही.

“आता काय दिसून राहिलं जी?” मावशीने विचारलं.

“पेटून राहिली, मावशी. अजून पेटून राहिली.”

तिला कळलं होतं.

मावशीचा फोन कानाला तसाच ठेवून मी कार्यालयाच्या फोनवरून वनविभागात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “ग्राफ पाहून गाडी पाठवू का मॅडम?” मी त्याला काय काय बोलले ते आठवत नाही, शेजारच्या खोलीतले लोक उठून आले एवढं आठवतं. गाडी निघाली. मी पडद्यासमोर बसून राहिले. सुया येत होत्या, पण त्यांच्यामधली जागा वाढत चालली होती. बिड्या संपत आल्या होत्या की माणूस, हे आकड्यांतून कळत नाही. मग एक अगदी बुटकी सुई आली, आणि त्यानंतर नुसता वणव्याचा धूर.

अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. फोन कानाला तसाच होता, पलीकडे मावशीचा श्वास ऐकू येत होता. किती वेळ गेला कोण जाणे, पण मग दुसऱ्याच एका आकड्याने उडी मारली. डिझेलचा धूर. गाडी मनोऱ्याखाली पोचली होती.

काका जिवंत होते. वाघिणीने शिकार ओढून नेमकी मनोऱ्याखालच्या झुडपात आणून ठेवलेली, आणि हे शिडीपाशी पोचले. चार पायऱ्या चढले तेवढ्यात पंजा बसला आणि पोटरी फाटली. वर जाऊन गमछा आवळून बांधला. वाघीण काही हलली नाही. साहेबांची तंबी आल्यापासून बिड्यांचं बंडल त्यांनी यंत्राच्या पेटीमागे लपवून ठेवलं होतं. दवाखान्यात मला म्हणाले, “मले मालूम होतं, मॅडम शिव्या देतीन, पण पाहतीन.”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

त्या सकाळच्या सुयांवर मी ‘स्थानिक कारण’ असा शेरा मारला, कारण दुसरा शेराच नाही. अहवालात तेवढी मिनिटं कोरी आहेत. तिथे कोणी होतं, हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.

पाऊसकाळ संपल्यावर काका लंगडत पुन्हा जायला लागले. दुसरा कोणी तयार नाही आणि त्यांना दुसरं काम नाही. वाघीण तिथेच आहे, बछडे आता मोठे झालेत, आपलं आपण मारून खातात म्हणे. बिडीची बंदीही तशीच आहे. मावशी आता स्वतःच्या हाताने बंडल पिशवीत टाकते. मागच्या महिन्यात एक मीच दुकानातून आणलं. मायने ते माझ्या पर्समध्ये पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पर्सची चेन लावून दिली. रोजची सुई मी रोज काढते आणि साहेबांना दिसायच्या आत शेरा मारून ठेवते.

आज सकाळी फोन आला. “पेटली का?”

“अजून नाही, मावशी.”

“शिडी चढाले टाइम लागते आता त्याइले.”

“हो ना.”

भाजीचं बोलून झालं. धान यंदा कसं आहे ते बोलून झालं.

“फोन ठेवू नका जी,” ती म्हणाली.

मी ठेवला नाही. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती, एक कण इकडेतिकडे नाही. अहवालासाठी याहून चांगली सकाळ असूच शकत नाही.