मला तीनच आकडे आठवले

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटली, म्हणून लिहितोय.

सकाळी आईला डोळे तपासायला धरणगावहून जळगावला आणलं. जुनी फाइल ती घरीच विसरली. मी भर स्टँडवर ओरडलो, "रोज शब्दकोडं सोडव म्हणतो ना? डोकं गंजलंय तुझं!"

थोड्या वेळात तिला चक्कर आली. तिला बाकावर बसवलं. जळगावातच राहणाऱ्या धाकट्या भावाला बोलवायला मोबाइल काढला, तर तो बंद पडलेला; आईचा घरीच चार्जिंगला राहिलेला. एका रिक्षावाल्याने आपला फोन पुढे केला. "सांगा भाऊ, नंबर."

मला सुरुवातीचे तीनच आकडे आठवले.

"माले पाठ शे," आई डोळे मिटूनच म्हणाली आणि तिने दहाही आकडे सांगितले. भाऊ लगेच आला. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी निघाल्यामुळे चक्कर आली. माझ्याच घाईमुळे ती न खाता निघाली होती.

घरी आल्यावर तिची माफी मागितली. ती हसली. "तुना नंबर बी पाठ शे माले."

मला तिचा येत नव्हता. आता पाठ करतोय.

तुम्हाला तुमच्या आईचा नंबर न बघता सांगता येतो का?