सुटणारी गाठ

नगरपालिकेत ते शिपाई होते, पण गाव त्यांना दोरीमामा म्हणे. मैदानावरच्या खांबाला झेंडा बांधायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी ते पलंगावर धुतलेली चादर अंथरत आणि झेंड्याची घडी घालत. दुसरं टोक मामी धरत. घडीभोवती दोरीचा वेढा आणि एक गाठ. खालून एक झटका दिला की कापड मोकळं झालं पाहिजे.

त्या वर्षी झेंडा फडकवायला मंत्री येणार होते. नदीवरच्या पुलाची कोनशिला त्यांनी दोनदा बसवली होती. पूल मात्र कुठेच नव्हता. मामींचा भाऊ रोज लांबच्या वळशानं कामावर जाई. तो म्हणाला, "भावोजी, उद्या गाठ जरा पक्की मारा. पूल नाही तर नाही, साहेबांचा घाम तरी बघू."

मामा हसले. मंत्री त्यांनाही डोळ्यांसमोर नको असत. हात क्षणभर थांबला, हे ते स्वतःच पुढे सांगत. मग त्यांनी नेहमीसारखीच गाठ मारली.

सकाळी मंत्र्यांनी कॅमेऱ्याकडे बघत भलतीच दोरी ओढली. वर गुंडाळी कप्पीला जाऊन अडकली. त्यांनी जोर लावला, तशी ती आणखी आवळली. कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं मैदानच हसायला लागलं. मामांनी धावत जाऊन गुंडाळी खाली घेतली, गाठ पुन्हा बांधली आणि झेंडा फडकला.

दिवसभर लोक पाठ थोपटत होते. मामा प्रत्येकाला सांगत, साहेबांनी चुकीची दोरी ओढली. ऐकणारा डोळा मारी. जितकं नाकारावं तितके ते बेरकी ठरत होते. मेहुण्याची तर छाती फुगली होती.

रात्री मामांना जेवण गेलं नाही. "हसले ते मंत्र्याला," ते म्हणाले, "पण वर गाठोडं होऊन कोण लटकलं होतं?"

मामींनी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच मंत्री. पुलाचे आता दोन खांब उभे होते. लोक तमाशा बघायला लवकर येऊन पुढे बसले. मामांनी बरोबर दोरी स्वतः मंत्र्यांच्या हातात दिली. चेहऱ्यावरचं हसू न हलवता मंत्री पुटपुटले, "मागची खोडी तुझीच ना?"

"साहेब, तुमच्यावरचा राग मी मतपेटीत टाकतो. दोरीला लावत नाही."

मंत्र्यांनी झटका दिला. झेंडा अलगद उलगडला. लोक थोडे हिरमुसले, मग सवयीनं टाळ्या वाजल्या. मेहुणा जाताना सगळ्यांना सांगत होता, "भावोजी फुटले."

संध्याकाळी मामा झेंडा घरी घेऊन आले. खरं काय ते मामींनी वर्षभर विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. चादर अंथरून त्यांनी आपलं टोक ताठ धरलं.